शेवटून पहिला

नदीकाठच्या त्या धावणाऱ्या मंडळात नियम एकच होता आणि तो दुसऱ्या कुठल्या मंडळात असेल असं वाटत नाही. रविवारी जो सगळ्यांच्या शेवटी पोहोचेल, त्याने पुढच्या रविवारचा रस्ता ठरवायचा.

नियम ताईने केला होता. मंडळही तिनेच काढलं होतं, त्यामुळे तिला जाब विचारणारं कोणी नव्हतं. तिचं म्हणणं सरळ होतं. जे भराभर पळतात त्यांना रस्ता कसाही चालतो. ते एक तर स्वतःचे बूट बघतात, नाहीतर मनगटावरचं घड्याळ. रस्त्यावर सगळ्यात जास्त वेळ काढतो तो शेवटचा माणूस. मग रस्ता त्याच्या मनासारखा नको? मंडळाने थोडी कुरकुर केली आणि मान डोलावली. ताईसमोर लोक बहुतेक मानच डोलवायचे.

गेली दोन वर्षं हा शेवटचा मान ताईच्या धाकट्या भावाकडे होता. बाजारात त्याचं चष्म्यांचं दुकान होतं, म्हणून सगळे त्याला चष्मेवाले म्हणत. अंगाने भरलेला, बोलण्यात सावकाश, आणि धावायला लागला की कोणीतरी कपाट सरकवतंय असं वाटायचं. मंडळाला त्याची कीव यायची. पण तक्रार मात्र कोणी करत नसे, कारण त्याने काढलेले रस्ते बघायला परगावची माणसंही बूट घेऊन यायची. लव्हाळ्यातून जाणारी अरुंद वाट, जिथे दोन्हीकडची पाती कानाला गुदगुल्या करतात. बंद पडलेल्या पाणचक्कीच्या मागून वर चढणारी मेंढ्यांची पायवाट. लाकडी पूल, ज्याच्याखाली ठरलेल्या फांदीवर खंड्या बसलेला असतो आणि धावणाऱ्यांकडे ढुंकूनही बघत नाही.

एक गोष्ट मात्र त्याच्या सगळ्या रस्त्यांत सारखी होती. सुरुवात कुठूनही होवो, शेवट होड्यांच्या शेडपाशी व्हायचा, आणि शेडकडे जाताना ताईच्या खिडकीखालून जावं लागायचं.

"योगायोग आहे," चष्मेवाला म्हणायचा. "नदीच तशी वळलीय, तिला मी काय करू?"

ताई दोन वर्षांपूर्वी लव्हाळ्यातल्या त्या वाटेवर एका मुळाला अडखळून पडली होती. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, मग वॉकर आला, आणि जी बाई सगळ्यांच्या पुढे पळायची ती पुढच्या खोलीच्या खिडकीत बसली. पण नुसती बसेल तर ती ताई कसली. रविवारी सकाळी मंडळ खिडकीखालून जायला लागलं की ती एकेकाचं नाव घेऊन उद्धार करायची.

"ए बेकरी, पोट आत घे, मागून येणाऱ्याला नदी दिसत नाहीये." हे बेकरीवाल्याला, जो सगळ्यात पुढे असायचा आणि तसा काडीपैलवान होता. "बाई, शिट्टी वाजवायची की खायची ते एकदा ठरवा." हे शाळेतल्या खेळाच्या बाईंना, ज्या मंडळाच्या प्रमुख होत्या. आणि शेवटी, बऱ्याच वेळाने, भाऊ दिसला की, "आलास का बाळ्या? मला वाटलं, नदीच आधी समुद्राला पोहोचेल."

तिचा आवाज ऐकला की चष्मेवाल्याचा आठवडा सुखाचा जायचा. आता खरी गोष्ट सांगूनच टाकावी. हा माणूस मुद्दाम शेवटी यायचा. त्याला चांगलं पळता येत होतं. त्याच्या बायकोने त्याला एकदा सुटलेली बस गाठताना बघितलं होतं, आणि तेव्हापासून ती रविवारी सकाळी त्याच्याकडे बघून नुसती हसायची. ताई पडल्यावर त्याने मनाशी पक्कं केलं होतं की, ताई मंडळाकडे येऊ शकत नसेल तर मंडळ ताईकडे जाईल. त्यासाठी रस्ता ठरवायचा हक्क हातात हवा, आणि त्यासाठी शेवटी यायला हवं. लोक पहिलं येण्यासाठी जितका घाम गाळत नाहीत तितका हा शेवटी येण्यासाठी गाळत होता.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग दातांचे डॉक्टर मंडळात आले.

डॉक्टर चष्मेवाल्याच्या ओळखीचे होते. ताईच्या एका दाढेचं काम त्यांच्याकडे तीन महिने चाललं होतं. दर बुधवारी चष्मेवाला दुकान नोकरावर सोडून ताईला गाडीतून दवाखान्यात न्यायचा, वॉकरसकट डॉक्टरांच्या स्वाधीन करायचा आणि बाहेरच्या बाकावर जुनी मासिकं चाळत बसायचा. आतून मशीनचा आवाज यायचा. घर्रर्र. आवाज वाढला की चष्मेवाला स्वतःचाच गाल धरायचा. बिचारी ताई, एवढा वेळ तोंड उघडं ठेवून गप्प बसायचं म्हणजे तिच्यासाठी केवढी शिक्षा.

"एका दाढेला तीन महिने?" त्याने एकदा विचारलंही.

"मुळं खोल आहेत," ताई गालावर रुमाल धरून म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

तर असे हे डॉक्टर एका रविवारी नवेकोरे बूट घालून आले. बसून बसून पाठ धरली म्हणाले. उंच, शिडशिडीत, पाय नुसते करकोच्याचे. हे बेकरीवाल्याला मागे टाकतील असं सगळ्यांना वाटलं. पण पहिल्याच वळणावर डॉक्टर मागे पडू लागले. पाणचक्कीपर्यंत ते चष्मेवाल्याच्या बरोबरीला आले, आणि चढावर तर चक्क मागे जाऊ लागले. चष्मेवाल्याने वेग कमी केला. डॉक्टरांनीही केला. शेवटी चष्मेवाल्याला बुटात खडा गेल्याचं नाटक करून एका दगडावर बसावं लागलं, तेव्हा कुठे डॉक्टर नाइलाजाने पुढे गेले.

शेडच्या पायऱ्यांवर चहा पिताना डॉक्टरांनी नियम नीट समजावून घेतला. मग कप खाली ठेवून म्हणाले, "मी शेवटी आलो असतो, तर कालव्याचा रस्ता घेतला असता."

सगळ्यांचे चेहरे पडले. कालव्याचा रस्ता गावाच्या पलीकडच्या अंगाला होता. सिमेंटचा, पट्टीने आखल्यासारखा सरळ, एका बाजूला विजेचे खांब आणि दुसऱ्या बाजूला गढूळ पाणी. झाड औषधालाही नाही. बेकरीवाल्याचे डोळे तेवढे चमकले, कारण सपाट रस्त्यावर त्याची वेळ चांगली लागली असती.

"कालव्यावर बघायचं काय?" चष्मेवाल्याने विचारलं.

"काही नाही," डॉक्टर म्हणाले. "सपाट आहे. एक खडा नाही, एक मूळ नाही."

आणि ताईच्या घरापासून तो रस्ता किती लांब होता, ते चष्मेवाल्याने मनात मोजून घेतलं. त्या संध्याकाळी तो बायकोला म्हणाला, "हा माणूस मुद्दाम मागे राहतो. असा लबाड माणूस मी आयुष्यात पाहिला नाही."

बायकोने त्याच्याकडे इतका वेळ बघितलं की तो उठून पाणी प्यायला गेला.

पुढच्या रविवारी खरं युद्ध जुंपलं. लाकडी पुलावर चष्मेवाला खंड्या बघायला थांबला. डॉक्टरही थांबले. चष्मेवाल्याने खंड्याच्या चोचीबद्दल बरीच माहिती सांगितली, त्यातली निम्मी जागच्या जागी रचलेली होती. डॉक्टर म्हणाले, "अजून सांगा, मला पक्ष्यांची फार आवड आहे." लव्हाळ्यात चष्मेवाल्याने नाडी सोडली आणि बांधली. डॉक्टरांनी दोन्ही सोडल्या आणि बांधल्या. मेंढ्यांच्या वाटेवर खरोखरच्या मेंढ्या आल्या, तर डॉक्टरांनी कळप जाऊ दिला, मेंढपाळाला रामराम केला आणि त्याचे दात बघायला सुरुवात केली. पण मेंढपाळाला दात दाखवायचे नव्हते. तो घाबरून पुढे निघाला तसे डॉक्टरही त्याच्या मागे मागे विनवत गेले, आणि बोलण्याच्या नादात चष्मेवाल्याच्या पुढे निघून गेले. चष्मेवाल्याने देवाचे आभार मानले आणि रांगत आल्यासारखा शेडला पोहोचला.

खिडकीखालून जाताना ताईने मात्र त्या दिवशी नदीवरून चेष्टा केली नाही. ती नुसती म्हणाली, "तू परत शेवटी का?" आवाजात नाराजी होती. दमली असेल, असं त्याने स्वतःला समजावलं.

तिसऱ्या रविवारी गोष्टी हाताबाहेर गेल्या. मंडळ केव्हाच शेडवर पोहोचलं होतं, चहाची दुसरी फेरी झाली होती, आणि हे दोघे अजून ताईच्या गल्लीत होते. धावत नव्हते. चालतही नव्हते. जागच्या जागी पाय उचलत होते, म्हणजे नियमाप्रमाणे धावणं चालू आहे असं म्हणता यावं. शेडच्या पायऱ्यांवरून सगळे टाचा उंचावून बघत होते. बाईंनी दोनदा शिट्टी वाजवली.

"तुम्ही व्हा पुढे," चष्मेवाला म्हणाला.

"छे, तुम्ही मोठे," डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही डॉक्टर."

"तुम्ही जुने सभासद."

दोघेही घामाने निथळत होते. असे सरकत सरकत ते बरोबर ताईच्या खिडकीखाली आले आणि तिथेच अडकले. चष्मेवाल्याचा तोल सुटला.

"डॉक्टर, तुमचं आमचं काय वाकडं आहे?" तो दबक्या आवाजात म्हणाला. "कालव्याने काय मिळणार तुम्हाला? मी हा रस्ता सोडणार नाही. माझी बहीण या खिडकीत बसून आठवडाभर रविवारची वाट बघते. तेवढंच आहे तिला. तुम्हाला कळतंय का?"

डॉक्टरांचा चेहरा कसानुसा झाला. त्यांनी वर खिडकीकडे बघितलं. खिडकीत ताई होती आणि तिने सगळं ऐकलं होतं.

"डॉक्टर," ती म्हणाली, "तुम्हाला साधं हळू धावता येत नाही? एवढे लांब पाय घेऊन करता काय?"

"प्रयत्न करतोय हो," डॉक्टर म्हणाले. "पण तुमचा भाऊ फार तयारीचा आहे."

चष्मेवाला एकदा वर आणि एकदा बाजूला बघू लागला. ताईने वाकून काहीतरी उचललं आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. धावायचा बूट होता. नवा नव्हता. तळ झिजायला लागला होता आणि वरच्या कापडावर करडी धूळ बसली होती.

"हा कुणाचा?"

"माझा. दुसरा पायात आहे."

"तू बूट घालून खिडकीत बसतेस?"

"बुधवारीही घालते," ताई म्हणाली. "तुझ्या कधी लक्षात नाही आलं. दुकान कसलं आहे रे तुझं?"

मग तिने सांगून टाकलं. दाढेचं काम पहिल्या दोन बुधवारांतच संपलं होतं. दवाखान्याला मागचं दार होतं, आणि मागच्या दाराबाहेर कालव्याचा रस्ता. चष्मेवाला बाहेर मासिकं चाळत बसायचा तेव्हा ताई डॉक्टरांचा हात धरून त्या सिमेंटवर चालायची. आधी पहिल्या खांबापर्यंत. मग दुसऱ्या. मग हात सोडून. आता वॉकर दवाखान्यात ठेवून, नुसती काठी घेऊन.

"आणि मशीन?" चष्मेवाल्याने विचारलं. त्याचा हात नकळत गालाकडे गेला होता.

"कंपाउंडर चालवायचा," डॉक्टर खाली बघत म्हणाले. "रिकामंच."

चष्मेवाल्याला राग आला. मग वाईट वाटलं, आणि ते रागापेक्षा बरंच जास्त होतं. तीन महिने तो त्या आवाजाने कळवळत होता. आणि त्याच्या बहिणीने पहिलं पाऊल टाकलं तेव्हा तो भिंतीपलीकडे चार वर्षांपूर्वीच्या मासिकातलं शब्दकोडं सोडवत होता.

"मला सांगायचं नाही?" तो म्हणाला.

"तुला सांगितलं असतं तर तू रस्ताभर गाद्या अंथरल्या असत्यास," ताई म्हणाली. "मी पडले तेव्हा तू माझ्यापेक्षा जास्त रडलास, आठवतं? मला मंडळात यायचंय, बाळ्या. चालत येईन, पण येईन. आणि मला झेपेल असा रस्ता या गावात तो एकच आहे."

"मग तसं मंडळाला सांगायचं ना. एका शब्दात झालं असतं."

"नियम मी केलाय. तो मीच मोडू?"

शेडवरून बेकरीवाला ओरडला की चहा संपत आलाय. चष्मेवाला अजून जागच्या जागी पाय उचलत होता, थांबायचं त्याला सुचलंच नव्हतं.

"तुला आवडत नव्हतं का?" त्याने हळूच विचारलं. "आम्ही येत होतो ते?"

ताईने बूट पुन्हा हातात घेतला आणि त्यावरची धूळ अंगठ्याने पुसली. "तुम्ही येता तेव्हा फार बरं वाटतं रे. पण येता अर्ध्या मिनिटापुरते, आणि मग आठवडाभर गेलेले असता."

चष्मेवाल्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि पुन्हा घातला. डोळ्यांत पाणी आलं होतं ते त्याने लपवलं नाही. मग त्याने डॉक्टरांकडे बघितलं.

"तुम्ही इथेच थांबा," तो म्हणाला. "एक पाऊल पुढे टाकलंत तर माझ्याशी गाठ आहे."

आणि तो पळाला.

दोन वर्षं साठवलेलं सगळं पळणं त्या गल्लीत बाहेर पडलं. सरकणारं कपाट राहिलं बाजूला. कोपर अंगाशी, मान सरळ, बूट जेमतेम जमिनीला लागत होते. शेडवर बाईंच्या तोंडातून शिट्टी गळून पडली. बेकरीवाल्याने घड्याळाकडे बघितलं, माणसाकडे बघितलं आणि चहा स्वतःच्याच पायावर सांडला. मागून ताईचा आवाज आला, "बेकरी, बघ जरा, याला म्हणतात पळणं," आणि त्या आवाजात इतका आनंद होता की चष्मेवाला शेड मागे टाकून पुढे होड्यांपर्यंत गेला.

डॉक्टर मागाहून शांतपणे आले. रीतसर शेवटी.

"दोन वर्षं," बाई चष्मेवाल्याला म्हणाल्या. "दोन वर्षं आम्ही तुमच्यासाठी चहा झाकून ठेवत होतो."

चष्मेवाल्याने धापा टाकत कप उचलला. चहा गरम होता. पहिल्यांदाच गरम मिळाला होता.

पुढच्या रविवारी मंडळ कालव्यावर जमलं तेव्हा चेहरे आंबलेले होते. मग दवाखान्याचं मागचं दार उघडलं आणि ताई काठी टेकत बाहेर आली, तसे सगळे चेहरे एकदम बदलले. बाई तर रडायच्याच बेतात होत्या, पण ताईने त्यांना वेळ दिला नाही. "शिट्टी," ती म्हणाली.

सगळे सुटले. ताई चालू लागली. आणि चष्मेवाला, सवयीचा गुलाम, तिच्या चार पावलं मागे, हात किंचित पुढे केलेले.

ताई थांबली. तोही थांबला. ती चालली, तोही चालला. ती पुन्हा थांबली आणि न वळता म्हणाली, "पुढे हो."

"तू चाल ना. मी आहे मागे."

"मागे मी असणार. तू पुढे हो."

"ताई, पण तू पडलीस तर?"

"तर तू वळून ये. पळता येतं तुला, सगळ्या गावाने बघितलंय."

तो हलला नाही. ताईने काठी रोवली, तिच्यावर दोन्ही हात ठेवले आणि कालव्यातल्या गढूळ पाण्यात जणू काही बघण्यासारखं असल्यासारखी बघत उभी राहिली. हट्टात ती त्याची मोठी बहीण होती. शेवटी चष्मेवाला तिच्या बाजूने पुढे गेला. पहिल्या खांबापर्यंत त्याचे पाय जड होते. दुसऱ्या खांबाशी त्याला मागे बघायचं होतं, त्याने बघितलं नाही. मागून काठीचा आवाज येत होता, टक, टक, आणि मधूनच, "बेकरी, परत येताना तरी माझ्याकडे बघ, मी आहे इथे." तिसऱ्या खांबापासून तो धावू लागला.

ताई पोहोचली तेव्हा सगळे परतून, बसून, बिस्किटांचा पुडा संपवून तिची वाट बघत होते. ती घामाने डबडबली होती आणि तिचा चेहरा उजळला होता. तिने सगळ्यांकडे बघितलं, आपल्यामागे कोणी नाही याची खात्री करून घेतली आणि बाकावर टेकली.

"शेवटी कोण आलं?" तिने विचारलं.

"तुम्ही," बाई म्हणाल्या.

"मग पुढच्या रविवारचा रस्ता मी सांगते. लव्हाळ्यातली वाट. मी पडले होते ती."

बेकरीवाला चघळायचा थांबला. चष्मेवाल्याच्या डोळ्यांपुढे ते मूळ उभं राहिलं, वाटेच्या मधोमध, हाताएवढं जाड. त्याला म्हणायचं होतं की आदल्या दिवशी जाऊन तो ते तोडून टाकेल, की निदान वॉकर घे, की निदान मला मागे राहू दे. त्याने तोंड उघडलं. ताईने त्याच्याकडे बघितलं. तो तसाच राहिला, तोंड उघडं.

डॉक्टरांनी सवयीने वाकून आत नजर टाकली.

"सगळं ठीक आहे," ते म्हणाले. "मिटा आता."